सुबारू डब्ल्यूआरएक्स आणि गॅटिनोचा हिवाळा: टायर-रिम निवडीचं एक प्रकरण

गाडी २०२३ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स, मॅन्युअल गिअरची. २.४ लिटरचं टर्बो इंजिन, २७१ अश्वशक्ती, चारही चाकांना कायम ताकद, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह. मालक माझा भाचा, मूळचा नाशिकचा. नोकरी कॅनडाची राजधानी ओटावाच्या पश्चिमेला, कनाटा या आयटीवाल्यांच्या भागात. घर मात्र नदीपलीकडे, क्यूबेक प्रांतातल्या गॅटिनो शहरात, एल्मर भागात. गाडी त्याने उन्हाळ्यात घेतली, एका मालकाने वापरलेली. तिच्यासोबत कारखान्याचे १८ इंची अलॉय आणि त्यावर २४५/४० आर१८ मापाचे (रुंदी २४५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची) उन्हाळी टायर आले. हिवाळी संच नव्हता. जुन्या मालकाने म्हणे तो वेगळा विकला.

सुबारू भारतात फारशी कुणाला माहीत नाही. २००३ च्या सुमारास शेव्हरोलेचा बिल्ला लावून तिची फॉरेस्टर आपल्याकडे आली होती, पण ती आली कधी आणि गेली कधी हे बहुतेकांना कळलंही नाही. इथे कॅनडात मात्र हिमाच्या प्रदेशातली गाडी म्हणजे सुबारू असं समीकरणच आहे, आणि भाच्याच्या डोक्यात ते गाडी घेण्याआधीपासून पक्कं बसलेलं होतं. त्यामुळे टायरचा विषय निघाला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य अपेक्षितच होतं: "मामा, ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. तिला कशाला हवेत वेगळे टायर?"

कायदा

हा भाग लवकर संपतो. क्यूबेकमध्ये नोंदलेल्या प्रवासी गाडीला १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. सक्ती २००८ पासून आहे. आधी ती १५ डिसेंबरला सुरू व्हायची, २०१९ पासून तारीख अलीकडे आणली. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. नसेल तर दंड २०० ते ३०० डॉलर. पूल ओलांडून ओंटॅरिओत गेलं की सक्ती नाही. तिथे विमा कंपन्यांनी हिवाळी टायर लावणाऱ्याला सवलत दिलीच पाहिजे, असा नियम २०१६ पासून आहे. भाच्याचे कनाटातले सहकारी त्या सवलतीवर खूश असतात. हा राहतो क्यूबेकात, त्यामुळे याच्या वाट्याला सक्ती.

खिळ्यांच्या टायरचाही विचार झाला. क्यूबेकमध्ये ते १५ ऑक्टोबर ते १ मे चालतात, पण ओंटॅरिओत ती मुभा उत्तरेकडच्या रहिवाशांना आहे, ओटावाकरांना नाही. रोज पूल ओलांडून कामाला जाणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये. शिवाय कोरड्या डांबरावर त्यांचा खडखडाट असतो तो वेगळाच. जपानमध्ये तर खिळ्यांनी रस्ते खरवडून इतकी धूळ उडायची की १९९० मध्ये त्यावर कायदाच करावा लागला. बिनखिळ्याच्या हिवाळी टायरचं तंत्र तिथे एवढं पुढे गेलं, त्यामागे ही धूळ आहे.

चारही चाकं ओढतात, पण थांबताना?

मला त्याला कायद्याच्या धाकाने पटवायचं नव्हतं. ऑक्टोबर संपता संपता एका सकाळी निसर्गानेच ते काम केलं. रात्री पारा शून्याखाली गेला होता आणि रस्ता ओलसर दिसत होता. सिग्नल सुटल्यावर गाडी नेहमीसारखी सुसाट निघाली. कुठलंही चाक फिरलं नाही, स्टिअरिंग हललं नाही. पुढच्या चौकात त्याने ब्रेक दाबला, तर पायाखाली एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) कटकट सुरू झाली आणि गाडी थांब-रेषा ओलांडून अर्धी चौकात जाऊन उभी राहिली. समोरून कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. निघताना ताकद दोनाऐवजी चार चाकांत वाटली जाते, म्हणून प्रत्येक टायरवर भार कमी पडतो आणि घसरड्या रस्त्यावरही गाडी सरळ सुटते. ब्रेक मात्र जगातल्या प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. थांबण्यात सुबारूला साध्या हॅचबॅकपेक्षा कणभरही जास्त मिळत नाही. वळणातही तेच. उलट तोटाच असा की दोन चाकांनी ओढणारी गाडी सिग्नलला सुटताना चाक फिरवते आणि "आज रस्ता वाईट आहे" असं ड्रायव्हरला सांगून टाकते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी ही सूचना देतच नाही. वेग चढलेला असतो आणि पहिली बातमी ब्रेकवर पाय ठेवल्यावर मिळते. २७१ अश्वशक्ती असेल, तर ती बातमी येईपर्यंत वेगही बराच चढलेला असतो.

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं, थंडीत खोबरेल तेल थिजतं तसं. त्याच्या पुढे पकड नुसती कमी होत नाही. कडक थंडीत अशा टायरच्या रबराला तडा जाऊ शकतो, म्हणून काही कंपन्या शून्याच्या बऱ्याच खाली ते चालवू नका, नुसते हलवूही नका, असं सांगतात. हिवाळी रबर उणे वीसलाही लवचिक राहावं असं बनवलेलं असतं, आणि त्यावर शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा रस्त्याला चावतात. मोठ्या खाचांत हिम दाबून बसतं आणि रस्त्यावरच्या हिमाला तेच हिम धरून ठेवतं. हिमावर हिमाची पकड रबरापेक्षा चांगली असते.

हिवाळी म्हणजे नेमके कोणते

आता खरा वाद. हिवाळी टायर सगळे एकसारखे नसतात. ढोबळ दोन घराणी आहेत. एक मध्य युरोपातलं: थंड, ओला, बहुतेक वेळ साफ केलेला रस्ता आणि महामार्गावरचा वेग लक्षात घेऊन बनवलेलं. मिशेलिनचा पायलट अल्पिन ५ किंवा ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक एलएम००५ या घराण्यातले. बाजू घट्ट, स्टिअरिंगला प्रतिसाद झटपट. दुसरं घराणं उत्तरेकडचं: रबर आणखी मऊ, चिरा जास्त, सगळं लक्ष बर्फाच्या कडक थरावर. मिशेलिनचा एक्स-आइस स्नो, काँटिनेंटलचा व्हायकिंगकाँटॅक्ट, ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक डब्ल्यूएस९०, फिनलंडच्या नोकियनचा हक्कापेलिटा आर५. हक्कापेलिटा हे नाव १९३६ पासून चालत आलेलं आहे, आणि ज्या देशात ते जन्मलं तिथे हिवाळा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही.

दोन्ही घराण्यांच्या बाजूवर तोच डोंगर, तोच हिमकण. गिऱ्हाईक इथेच फसतं. इकडे ते चिन्ह मिळवण्याची चाचणी दाबलेल्या हिमावर गाडी किती ओढता येते याची असते. काचेसारख्या बर्फाबद्दल ते चिन्ह चकार शब्द काढत नाही. बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह युरोपच्या लेबलवर २०२१ पासून दिसू लागलं, त्याला कारण हेच.

भाच्याला अर्थातच अल्पिन हवे होते. "एवढी गाडी घ्यायची आणि पाच महिने तिला रबरी चपला घालायच्या?" हे त्याचं वाक्य. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. उत्तरी घराण्याच्या टायरवर वळणाच्या सुरुवातीला गाडी किंचित उशिरा वळते, मागचा भाग थोडा पिळवटल्यासारखा वाटतो आणि कोरड्या किंवा शून्याच्या वर असलेल्या ओल्या डांबरावर ती अल्पिनपेक्षा लांब जाऊन थांबते. हे तोटे खरे आहेत, आणि विक्रेते ते सहसा सांगत नाहीत.

पण टायर गाडीच्या स्वभावावरून निवडायचा नसतो, तिच्या रस्त्यावरून निवडायचा असतो. म्हणून आम्ही त्याचा रस्ता कागदावर काढला. आठवड्यातले काही दिवस एल्मरहून शँप्लेन पुलावरून ओटावात आणि ४१७ महामार्गाने कनाटाला. हा रस्ता साफ असतो, मिठाने काळाभोर. पण घरापासून पुलापर्यंत वस्तीतले रस्ते, जिथे हिम बाजूला सारणारी नांगरगाडी उशिरा येते आणि थांब-चौकात गाड्यांनी घासून घासून हिमाचा आरसा केलेला असतो. शनिवार-रविवारी गॅटिनो पार्कातल्या कँप फॉर्च्यूनला स्कीइंग, म्हणजे चढ-उतार आणि सावलीतली वळणं. अधूनमधून माँट्रियल.

ओटावात वर्षाला दोन मीटरच्या आसपास हिम पडतं, पण अडचण हिमाची नाही, शून्याभोवती घुटमळणाऱ्या पाऱ्याची आहे. नाशिकहून आलेल्या माणसाला वाटतं की उणे पंचवीसला रस्ता सर्वांत घसरडा असणार. तसं नाही. बर्फ जितका थंड तितकी त्यावर पकड जास्त. सर्वांत दगाबाज बर्फ शून्याच्या आसपासचा, ज्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. दुपारी वितळायचं, रात्री गोठायचं. अलीकडे हे वाढलंय. २०२२-२३ च्या हिवाळ्यात रिडो कालव्यावरची प्रसिद्ध स्केटिंगची वाट एक दिवसही उघडली नाही, बर्फ पुरेसा जाडच झाला नाही. तिच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. लोकांना वाटतं हिवाळा सौम्य झाला की टायरही सौम्य चालतील. ओटावात गणित उलटं आहे: कालवा जितका कच्चा, तितकी रस्त्यावर ओल्या बर्फाची सकाळ नेमाची.

या कागदावरून निकाल उत्तरी घराण्याच्या बाजूने लागला. हीच गाडी टोरोंटोजवळच्या मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये असती, तर मी डोळे झाकून अल्पिन सांगितले असते. तिथे हिवाळाभर रस्ता बहुतेक काळाच असतो आणि महामार्गावरचे किलोमीटर जास्त. टोरोंटोकडच्या मराठी मंडळींचा सल्ला ऐकून गॅटिनोत टायर घेऊ नये, हे मी भाच्याला दोनदा बजावलं, कारण त्याचे निम्मे मित्र तिकडचे.

बारमाही टायर, ज्यांच्यावर डोंगराचं चिन्ह असतं, ते क्यूबेकच्या कायद्यात बसतात. दुसरी गाडी म्हणून ठेवलेल्या, कमी चालणाऱ्या मोटारीला ते ठीक आहेत. या गाडीला उन्हाळ्यात चांगले उन्हाळी टायर आहेतच, तर दोन्ही ऋतूंत तडजोड कशाला?

माप: आकडेमोड

डब्ल्यूआरएक्सच्या याच पिढीची सर्वांत स्वस्त आवृत्ती कारखान्यातून १७ इंची चाकांवर, २३५/४५ आर१७ टायरवर येते. तिचे ब्रेक आणि भाच्याच्या गाडीचे ब्रेक एकच. म्हणजे १७ इंची चाक ब्रेकला अडकेल का, हा प्रश्न कारखान्यानेच सोडवून ठेवलाय. ज्यांच्याकडे ब्रेम्बोचे सहा पिस्टनचे मोठे कॅलिपर (ब्रेकची चकती आवळणारे भाग) असलेली आवृत्ती आहे, त्यांनी १७ इंचाचा नाद सोडावा.

चाक एक इंचाने लहान केलं की टायरची भिंत जाड होते. गॅटिनोत याचं मोल मार्च-एप्रिलमध्ये कळतं, जेव्हा गोठण्या-वितळण्याने रस्ते फुटतात. आपल्याकडचा पावसाळ्यातला खड्डा निदान पाण्यामुळे ओळखू येतो. इथला हिमाच्या चिखलाखाली दडलेला असतो, कडा करवतीसारख्या. ४० नंबरची भिंत असलेला टायर अशा खड्ड्यात गेला की रिमचा काठ वाकतो.

आता व्यास. मूळ २४५/४० आर१८ चा व्यास येतो ६५३ मिलिमीटर. २३५/४५ आर१७ चा ६४३, म्हणजे दीड टक्का कमी, कारखानामान्य, चालणारच. २२५/५० आर१७ चा ६५७, अर्ध्या टक्क्याने जास्त, म्हणजे मूळ मापाच्या अधिक जवळ, आणि २३५ पेक्षा दहा मिलिमीटर अरुंद. त्रिज्येत फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही, तेव्हा सस्पेन्शनला घासायचा प्रश्न येत नाही. अरुंद टायर हिमात कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगतो. २१५/५० आर१७ आणखी अरुंद, व्यास ६४७, कागदावर मोहात पाडणारा. पण त्या मापाला रिमची रुंदी साडेसात इंचापर्यंतच चालते आणि कारखान्याचं १७ इंची चाक आठ इंच रुंद आहे. बसवणारे बसवून देतात, पण टायरच्या कडा ताणून बसवण्यात अर्थ नाही. २२५/५० ला आठ इंच ही शेवटची हद्द, चालते. २२५/४५ आर१७ कुणीतरी सुचवला होता. तो व्यासाला जवळजवळ तीन टक्के लहान, म्हणून बाद.

भार-निर्देशांकही पाहिला. २२५/५० आर१७ मध्ये बळकट बांधणीचे टायर ९८ क्रमांकाचे मिळतात, म्हणजे एका टायरला ७५० किलो. या गाडीला ते पुरून उरतं. वेगाचं अक्षर हिवाळ्यात टी असलं तरी १९० किलोमीटरपर्यंत मान्यता असते. क्यूबेकच्या महामार्गावर मर्यादा १०० ची आहे, तेव्हा त्यापुढच्या अक्षरासाठी जादा पैसे मोजू नयेत, या माझ्या मताला भाच्याने फारसा विरोध केला नाही. त्याला आवडलं नाही एवढंच.

रिम: स्वस्तातले सापळे

दोन संच का? एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर चढवा-उतरवायचे म्हणजे दर वेळी मजुरी, बॅलन्सिंग आणि टायरच्या कडांना पहारीचे घाव. वेगळ्या रिमवर टायर असले की घरी जॅक आणि पाना घेऊन काम होतं, आणि उन्हाळी अलॉय मिठापासून वाचतात. काही हिवाळ्यांत रिमचे पैसे वसूल होतात.

भाच्याने पहिल्यांदा शोधून काढले ते सुबारूच्याच क्रॉसट्रेकचे १७ इंची अलॉय, अगदी पडत्या भावात. "सुबारूचेच आहेत ना?" आहेत, पण क्रॉसट्रेकच्या नटांचं वर्तुळ ५ बाय १०० चं (पाच नट, वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर) आणि डब्ल्यूआरएक्सचं ५ बाय ११४.३ चं. बोल्ट भोकात जाणारच नाहीत. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत असा फरक असतो, हे जाहिरात देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

बाहेरच्या कंपनीचे रिम घेतले असते, तर मधल्या भोकाचा व्यास पाहावा लागला असता. डब्ल्यूआरएक्सच्या हबला ५६.१ मिलिमीटर लागतो. बाजारातल्या रिमचं भोक सहसा मोठं असतं, मग मधे कडी घालावी लागते, नाहीतर चाक नटांवर लटकतं आणि महामार्गावर स्टिअरिंग थरथरतं. नटांचे आटे एम१२ बाय १.२५, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे, १.२५ मिलिमीटर अंतराचे. दुसऱ्या गाडीचे एम१२ बाय १.५ चे नट पहिले दोन आटे गोडीगुलाबीने घेतात आणि मग बोल्टचे आटे सपाट करतात.

शेवटी त्याच पिढीच्या स्वस्त आवृत्तीचे मूळ १७ इंची अलॉय एका जाहिरातीत सापडले. मालकाने रुंद चाकं घालण्यासाठी काढलेले. हब, आटे, ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) सगळं जागच्या जागी, कडी नको, काही नको. त्यावर वापरलेले हिवाळी टायरही होते, त्यांच्यासकट किंमत सांगितली होती. भाचा जवळजवळ पैसे देऊन बसला होता.

मी नक्षीची खोली मोजायचं छोटं मापक घेऊन गेलो. पुढच्या दोन टायरची खोली ७ मिलिमीटर, मागच्या दोनाची ५. टायर चांगले होते, गोटे झालेले नव्हते. दोन चाकांनी ओढणाऱ्या गाडीला कुणीही आनंदाने लावले असते. पण या गाडीच्या मधल्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागात, सिलिकॉनच्या घट्ट द्रवात फिरणाऱ्या चकत्या आहेत. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरली की तो द्रव घुसळला जातो आणि दोन्ही धुरांना बांधून धरतो. घसरताना काही क्षण हे घडावं, हीच त्याची रचना. टायरचे घेर वेगळे असतील तर ते सरळ रस्त्यावर, तासन् तास घडत राहतं आणि यंत्रणा तापून खराब होते. सुबारू चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. हे खोलीत मांडलं तर साधारण एक मिलिमीटर येतं. इथे फरक दोनाचा होता, घेरात साडेबारा मिलिमीटर. खात्रीसाठी शिंप्याची टेप टायरभोवती गुंडाळून पाहिली; तीही तेच म्हणाली. बाजूवरचा चार आकडी शिक्का पाहिला, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, तर मागची जोडी पुढच्यापेक्षा तीन वर्षं जुनी निघाली.

फक्त रिम घेतले. मालक कुरकुरला, पण दिले.

बसवणं

टायर नवे, चारही एकाच घाण्याचे: मिशेलिन एक्स-आइस स्नो, २२५/५० आर१७. नोकियनही तितकेच चालले असते. ज्याचा माल हाताशी होता तो घेतला. ऑक्टोबर उलटला की गॅटिनोत टायरवाल्यांकडे वेळ मिळणं मुश्कील होतं, कारण सक्तीमुळे अख्खा प्रांत एकाच महिन्यात दारात उभा असतो. या घाईचा परिणाम आम्हालाही दिसला. गाडी घरी आली तेव्हा मागच्या डाव्या चाकाच्या नक्षीचे बाण इतर तीन चाकांच्या उलट दिशेने होते. हा टायर एका दिशेने फिरण्यासाठी बनवलेला असतो, बाजूवर बाणासह तसं छापलेलं असतं. उलटा बसवला तर पाणी आणि चिखल बाहेर फेकण्याऐवजी मध्ये ओढतो. दुकानात परत नेली, त्यांनी मुकाट्याने उतरवून बसवला. चारही चाकांवरचे बाण पाहायला अर्धा मिनिट लागतो. बिल देण्याआधी पाहावेत.

नट टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला, एकाआड एक ताऱ्याच्या क्रमाने. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. एक किंचित ढिला सापडला.

हवेच्या सेन्सरवर वाद झाला. कॅनडात हवेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची नाही, त्यामुळे पुष्कळ लोक हिवाळी चाकांत सेन्सर घालतच नाहीत आणि पिवळा दिवा पाच महिने जळू देतात. आम्ही घातले. कारण हवेचं गणित इथे रोजचं आहे. पारा दर पाच-सहा अंशांनी उतरला की सुमारे १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी दिसते. ऊबदार गॅरेजमध्ये २० अंशांना ३३ भरलेला टायर बाहेर उणे वीसमध्ये २६-२७ वर येतो. हवा गळालेली नसते, आकसलेली असते. दरवाजाच्या खांबावरचा आकडा थंड टायरचा आहे. म्हणून हवा बाहेरच्या थंडीत, गाडी चालवण्याआधी भरायची, बोटं गारठली तरी.

हिवाळा

पहिले काही शे किलोमीटर जपून चालवायला सांगितलं होतं, कारण नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीतपणा असतो. त्यानंतर त्याचा फोन आला तो तक्रारीचाच: कोरड्या ४१७ वर लेन बदलताना गाडी "एक क्षण विचार करते". करतेच. हवा दोन पीएसआयने वाढवून थोडा फरक पडला, तेवढाच पडणार होता. जानेवारीत कँप फॉर्च्यूनहून उतरताना पुढची एक मोठी एसयूव्ही वळणावर सरळ कडेच्या हिमाच्या ढिगात गेली, हा तिच्या मागे रेषेत थांबला. त्याने नंतर त्या गाडीचे टायर पाहिले; ऑल-व्हील ड्राइव्हचा बिल्ला होता आणि नक्षी निम्म्याहून जास्त संपलेली. तक्रार त्यानंतर बंद झाली असं नाही, पण सूर बदलला.

एक दिवस मात्र टायरने काहीच केलं नाही. गोठणारा पाऊस पडला, रस्त्यावर काचेचा थर चढला. १९९८ च्या जानेवारीत आणि ५ एप्रिल २०२३ ला याच पावसाने या पट्ट्यात झाडं आणि विजेच्या तारा आडव्या केल्या होत्या. अशा दिवशी बिनखिळ्याचा कुठलाही टायर उपयोगी नाही. कनाटाच्या कंपनीला घरून काम करतो म्हणून कळवायचं, एवढाच उपाय, आणि त्याने तो केला.

एप्रिलच्या मध्यावर चाकं उतरवली. पुढच्या टायरची नक्षी मागच्यांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जास्त झिजली होती, म्हणजे मर्यादेच्या निम्म्यावर. प्रत्येक चाकाच्या आत खडूने जागा लिहून ठेवली: येत्या हिवाळ्यात पुढची मागे जातील आणि मागची पुढे, बाजू तीच ठेवून, कारण दिशेचे टायर आडवे फिरवता येत नाहीत. रिमला तडा नाही, काठ वाकलेला नाही. एकावर मिठाने रंग सोललाय, तो या उन्हाळ्यात घासून पुन्हा मारायचा आहे. आता १८ इंची उन्हाळी टायरची खोली मोजल्यावर लक्षात आलंय की त्यांचं आयुष्यही फार उरलेलं नाही, आणि भाच्याने अलॉयसकट नवा संच पाहायला सुरुवात केली आहे.